दोन्ही वायरी काळ्या

गुरुवार, ७ सप्टेंबर

खारूच्या बाबांना,

नमस्कार. खारू मजेत आहे. पत्र बघून छातीत धस्स होऊ नये म्हणून हे सगळ्यात आधी. तिचे वरचे दोन दात पडलेत, त्यामुळे हसली की दार उघडं राहिल्यासारखं दिसतं. उंची वाढली आहे. गेल्या महिन्यात ताप येऊन गेला, आता काही नाही.

मी खारूच्या आईचा नवरा. आपण एकदाच भेटलोय, जिन्यात. तुम्ही तिला सोडायला वर येत होतात आणि मी कचऱ्याची बादली घेऊन खाली. दोघंही "या, या" म्हणालो आणि कोणीच कुठे गेलं नाही, असं मला आठवतं.

तुमचा जुना नंबर लागत नाही. म्हणून तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर लिहितो आहे. पत्ता आमच्याच लिफ्टमध्ये आरशाखाली पत्र्यावर छापलेला आहे. तो कागदावर उतरवून घेत होतो तर वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तक्रार करताय का? मग माझीपण घाला, दार फार आपटतं." घातलेली नाही. हे पत्र लिफ्टच्या कंपनीनं तुमच्यापर्यंत पोचवलं तर दार आपटलं तरी चालेल.

काम छोटं आहे. तिची बॅटरीवर चालणारी लाल जीप बंद पडली आहे. सीट उचलून पाहिली. बॅटरी पोट फुगल्यासारखी फुगली आहे आणि पिनांवर पांढरी पावडर साचली आहे. चार्जिंगच्या वायरी उंदरानं कुरतडल्यात, आतलं तांबं हिरवं पडलंय. जुना चार्जर मध्यंतरी पाण्याच्या बादलीत पडला, तोही गेला. मी नवी बॅटरी आणि नवा चार्जर आणून ठेवलाय, सहा व्होल्टचाच. दुकानदार बाराची बॅटरी गळ्यात मारत होता. "पोरगी विमान चालवेल," म्हणाला. मी म्हटलं, जमिनीवरच राहू दे.

आता अडचण अशी आहे. कंपनीनं चार्जिंगचं भोक सीटखाली दिलेलं असणार. तुम्ही ते मागे नेलंत, पेट्रोलची टाकी असते तिथे, आणि वर जॅमच्या बरणीचं झाकण बसवलंत, म्हणजे तिला स्वतः पेट्रोल भरता यावं. फार छान सुचलं तुम्हाला. पण तिथून बॅटरीपर्यंत ज्या दोन वायरी आणल्यात त्या दोन्ही काळ्या आहेत. एक लाल, एक काळी असती तर मी हे पत्रच लिहिलं नसतं. प्लस कुठली, मायनस कुठली? मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. उजव्या डोळ्याची काच डावीकडे गेली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बडबडत येतं आणि आपण काच बदलून देतो. इथे उलटं जोडलं तर काय होतं असं दुकानदाराला विचारलं. "धूर निघेल, मग कळेल," म्हणाला.

तर एवढंच विचारायचं होतं.

एवढंच नव्हतं. गेल्या रविवारी मी सीट काढून बसलो होतो, स्क्रू एका बशीत, आणि खारू मैत्रिणीकडून परत आली. दारात उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "काका, ते बाबा करणार आहे."

मी म्हटलं, "हो, पण तोवर मी नुसतं बघून ठेवतो."

"बघू नका ना. थँक्यू."

आणि खाली बसून बशीतला एकेक स्क्रू मला देत राहिली. मी परत बसवत गेलो. सगळे बसल्यावर तिनं सीटवर हात दाबून पाहिला आणि पाय धुवायला गेली. फार शहाणी मुलगी आहे. माझ्याशी तर इतकी शहाण्यासारखी वागते, की कधी कधी मला वाटतं आपण कुणाकडे पाहुणे आलोय आणि यजमान सहा वर्षांचे आहेत.

तुम्ही शेवटचे आलात तेव्हा तिला म्हणाला होतात, "पुढच्या खेपेला नवी बॅटरी टाकू." तुम्ही सहज म्हणाला असाल. तिनं ते जपून ठेवलंय. तेव्हा थंडी सुरू व्हायची होती, आता पुढची थंडी जवळ आली. ती तुम्हाला दोष देत नाही. तिच्या डोक्यात सगळं नीट जुळलेलं आहे. मला एकदा तिनं समजावून सांगितलं, "बाबाच्या लिफ्टमध्ये माणसं अडकतात. आधी ती काढायची असतात. माणसं संपली की मग जीप." मी म्हटलं, "बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी ती जीप पुसते. सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलो.

तिच्या आईला मी पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "लिही हवं तर, माझं नाव मध्ये घालू नकोस." म्हणून घालत नाही. पण जीप एकतर चालू कर नाहीतर तिथून हलव, हे तिचंच म्हणणं. खिडकीखालचा तो कोपरा आम्हाला लागणार आहे. कशासाठी, ते तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. थंडी सरता सरता घरात एक बाळ येणार आहे. खारूला सांगितलंय. तिनं दोनच प्रश्न विचारले. ते कुठे झोपणार, आणि बाबाला माहीत आहे का.

म्हणून विचारतो. मी ही बॅटरी बदलू का? बदलली तर जीप चालेल, पण तुम्ही आता येणार नाही हे तिला त्याच दिवशी कळेल. नाही बदलली तर ती पुसत राहील. दोन्हीपैकी काय कमी वाईट ते मला ठरवता येत नाही.

आणि उत्तर द्यावंसं वाटलं तरच द्या, पण तुम्ही का येत नाही?

वायरींचं मात्र नक्की कळवा.

आपला,
खारूचा काका


शनिवार, २३ सप्टेंबर

काका,

नमस्कार. खारू म्हणते तेच मीही म्हणतो, चालेल ना? तुमचं पत्र कंपनीच्या ऑफिसात आठवडाभर तक्रारींच्या गठ्ठ्यात पडून होतं. वर फक्त आमच्या कंपनीचं नाव, त्यामुळे कुणीतरी लिफ्टवर चिडून लिहिलंय असं साहेबांना वाटलं. उघडून दोन ओळी वाचल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

अक्षर वाईट आहे, माफ करा. डाव्या हातानं लिहितोय. पानभर लिहायला सकाळ जाते.

आधी वायरी. दोन्ही लिफ्टच्या केबलमधून उरलेले तुकडे आहेत, म्हणून काळ्या. धूळ पुसा आणि डोळे मिटून बोट फिरवा. एक गुळगुळीत लागेल, दुसरीच्या अंगावर बारीक उभी रेघ लागेल. रेघवाली प्लस. आता त्या नुसत्या जोडत बसू नका, कुरतडलेल्या वायरी टेप लावून भागत नाहीत. दोन्ही काढा आणि नव्या घाला, एक लाल, एक काळी, म्हणजे पुढच्या माणसाला पत्र लिहावं लागणार नाही. नव्या चार्जरची पिन जुन्या भोकात बसणार नाही, भोकही नवं घ्या. बॅटरीजवळ प्लसच्या वायरीवर काळ्या टेपखाली फ्यूज आहे, तो तपासा. आधी सगळं जोडून घ्या, बॅटरी सगळ्यात शेवटी. बाराची घेतली नाहीत ते फार चांगलं केलंत. मोटर जळाली असती आणि खारू भिंतीवर गेली असती.

आता एक सांगतो, रागावू नका. हे सगळं तुमच्या दुकानदारानं मीटर लावून पाच मिनिटांत सांगितलं असतं. तुम्ही वायरींसाठी लिहिलं नाहीत, हे मला पहिल्या पानावरच कळलं. तरी तुम्ही वायरींचं विचारलंत हे बरं झालं. थेट विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं नसतं.

मागच्या थंडीत एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत काम चालू होतं. दोर पुलीवरून चालवून बघत होतो. हातमोजे घातले होते, त्यातला उजवा अडकला. पुढचं लिहीत नाही. अंगठा आणि शेवटचं बोट राहिलं, मधली तीन गेली. कंपनीनं काढलं नाही. आता मी ऑफिसात फोनवर बसतो. कुठे कुणी अडकलं की त्यांना सांगतो, घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस निघाला आहे. खारूनं तुम्हाला सांगितलं ते तसं खरंच आहे म्हणायचं.

दवाखान्यातून सुटलो तेव्हा पहिल्या रविवारी निघालो होतो. बसमध्ये बसलोसुद्धा. तुमच्या गल्लीचा स्टॉप आला आणि उतरलो नाही. खारू रस्त्यात कधी हात धरत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती बोट धरते. एकच, मधलं. चालायला लागल्यापासून. आता आल्यावर तिनं हात पुढे केला तर कुठलं बोट देऊ, एवढंच डोक्यात आलं आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिलो. पुढच्या रविवारी निघालोच नाही. मग एक रविवार गेला की दुसरा सोपा होतो. नंबर बदलला, कारण फोनवर तिनं विचारलं असतं.

तिच्या आईला अपघाताचं सांगू नका, असं लिहिणार होतो. पण तुमच्या घरात तुम्ही काय लपवायचं ते मी का ठरवावं? सांगा.

बाळाचं ऐकून बरं वाटलं. हे डाव्या हातानं लिहिलंय म्हणून खोटं समजू नका. पहिला दिवसभर बरं वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी वाटलं. तिला कुणीतरी हवंच होतं. ती एकटी असली की फार मोठ्या माणसासारखी वागते.

बॅटरी तुम्हीच बदला. तुमचे हात चांगले आहेत, चष्म्याचा स्क्रू बसवणाऱ्याला हे काय अवघड? तिला सांगा, बाबाला काम आहे. ती समजून घेईल.

काळजी घ्या सगळ्यांची.

खारूचा बाबा

ता. क. झाकण नीट लागत नसेल तर आत रबरी चकती घाला. ती आधीपासूनच सैल होती.


बुधवार, ११ ऑक्टोबर

खारूच्या बाबांना,

नमस्कार. रविवारीच भेटलो आणि लगेच पत्र, याचं तुम्हाला नवल वाटेल. तुम्ही नंबर दिलाय, पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि खारूचे कान तिखट. शिवाय तुम्ही गेल्यावर जे झालं ते फोनवर मला नीट सांगता आलं नसतं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहितो आहे.

आधी एका गोष्टीचा खुलासा. तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी ते तिच्या आईला वाचायला दिलं. ती ते घेऊन ओट्यापाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ नळ चालू होता, भांडं एकही नव्हतं. मग बाहेर येऊन म्हणाली, "मूर्ख आहे. सांगायचं होतं ना." आणि थोड्या वेळानं, "त्याला फोन कर. बॅटरी त्यानंच बदलायची, म्हणावं. माझं नाव घाल." म्हणून तो फोन केला होता. मी आपणहून मोठेपणा केला असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नव्हतं. तुमच्या ऑफिसात फोन लावला तेव्हा तुम्ही "घाबरू नका, कुठल्या मजल्यावर आहात?" म्हणालात, आणि मी खरंच घाबरलो.

तुम्ही यायच्या आदल्या दिवशी खारूला हाताचं सांगावं की नाही यावर आमचं बरंच झालं. शेवटी तिच्या आईनंच सांगितलं. खारूनं विचारलं, "मग बाबा चहाचा कप कसा धरतो?" आई म्हणाली, "उद्या बघ." बस. म्हणून तुम्ही दारात आल्या आल्या ती तुमच्या हाताकडे बघत राहिली. तुम्ही तो खिशातून काढतच नव्हतात. मला तेव्हा फार अवघड झालं होतं. तुम्हाला किती झालं असेल!

"दुखतं का?" तिनं विचारलं तेव्हा तुम्ही "आता नाही" म्हणालात, आणि ती म्हणाली, "मग दाखव." मला वाटलं आता काहीतरी होईल. पण तिनं हात उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "तू सांग, मी करते. काका बॅटरी धरतील." तिथून पुढे ती मुकादम आणि आपण दोघं मजूर.

मी इतकी वर्षं बारीक काम करतोय, पण वायर सोलताना तिनं जीभ बाहेर काढून जो जोर लावला तसा कुणी लावलेला पाहिला नाही. तुम्ही "हळू, तांबं कापायचं नाही, फक्त साल" म्हणत होतात. दोनदा तांबं कापलं गेलं, तिसऱ्यांदा जमलं. लाल वायर मागच्या भोकापर्यंत न्यायला तिचाच हात आत जात होता, आपला कुणाचाच जात नव्हता, याचा तिला फार अभिमान वाटला. "तुमचे हात जाड आहेत," म्हणाली, दोघांनाही. तुम्ही हसलात. पहिल्यांदा.

बॅटरी जोडली आणि पॅडल दाबलं तेव्हा जीप एकदम मागे गेली आणि बशीतून चहा सांडला. गिअर उलटा राहिला होता. मला वाटलं दोन काळ्या वायरींचा घोळ शेवटी झालाच.

मग जीप लिफ्टनं खाली नेली आणि ती बसली. गुडघे स्टिअरिंगच्या वर आले. तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही गेल्या वर्षी सोडून गेलात त्या मुलीच्या मापाची ती जीप होती. पण ती खाली उतरली नाही. गुडघे दोन बाजूंना फाकवून, बेडकासारखी, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळली. वाटेत पानवाल्याला हात केला. तुम्ही तिच्या बाजूनं चालत होतात. परत येताना ती उतरून चालायला लागली. सवयीनं तुमच्या उजव्या बाजूला आली, थबकली, आणि जीपच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेली. डाव्या हाताचं मधलं बोट धरलं. रिकामी जीप मी ढकलत आणली. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत ते बरं झालं, कारण मला चष्मा पुसायला थांबावं लागलं होतं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आता माहीत नसलेलं.

तुम्हाला बसवर सोडून आम्ही परत आलो. तिनं जीप कोपऱ्यात लावली, बरणीचं झाकण उघडलं, चार्जरची पिन घातली. लाल दिवा लागला का बघितलं. सगळं शहाण्यासारखं. जेवायला बसलो. मी आपला बोलायचं म्हणून बोललो, "मजा आली ना आज?"

तिनं ताट सरकवलं. म्हणाली, "तू त्याला आधी का नाही बोलावलंस?"

मला कळेना ती कुणाशी बोलते आहे. इतके दिवस मला ती "तुम्ही" म्हणते. मी तिच्या आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती.

"तुला पत्र लिहिता येत होतं ना? पत्ता लिफ्टमध्येच होता ना? मग इतके दिवस का नाही लिहिलंस? त्याचा हात दुखत होता आणि तू नुसता घरात बसला होतास!"

"खारू, अगं..." आई म्हणाली.

"तू गप्प बस! मी याच्याशी बोलतेय."

आणि उठून गेली. दार असं आपटलं, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टच्या खात्यात आणखी एक तक्रार लिहिली असेल. माझ्या हातात घास तसाच. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण ओठ काही आवरेनात. तिची आई म्हणाली, "हसतोस काय?" मी म्हटलं, "मला तू म्हणाली." तर तीही हसायला लागली, आणि मग डोळे पुसायला लागली. आजकाल तिचं असंच चालतं, एकातून दुसरं.

खारूच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. मुलीला देण्यासारखं नव्हतं, तुम्हाला देतो. तुम्ही येत नव्हतात तेव्हा सुरुवातीला मला बरं वाटत होतं. रविवार आमचे होते. वाटलं, हळूहळू ती विसरेल, आणि मग माझ्याकडे बघेल. ती विसरली नाही. ती जीप पुसायला लागली तेव्हा मला लाज वाटली, आणि तरीही लिहायला मी पावसाळा घालवला. तिनं मला बरोबर पकडलं. तुम्ही मात्र त्या पत्रात माझे हात चांगले म्हणालात. ते वाक्य मी अजून नीट पचवू शकलेलो नाही.

थोड्या वेळानं मी आत गेलो. भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी पलंगाजवळ खाली बसलो.

"जा," म्हणाली.

"जातो," म्हटलं, आणि बसून राहिलो.

काही वेळानं म्हणाली, "गेला नाहीस."

"नाही."

"मला बोलायचं नाहीये."

"बरं."

मग ती खरंच बोलली नाही, पण पाय माझ्या खांद्यावर ठेवून झोपी गेली. पाय कशाला ठेवला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच चालू आहे. काका हे कर, काका ते दे, तू चुकीचा साबण आणलास, तू फार जोरात घोरतोस. मी दुकानात काचा बसवताना हे आठवून एकटाच हसतो, तर मालक विचारतात, तब्येत बरी आहे ना?

तुमच्यावरचा रागही आहे, तो विसरू नका. तो तिनं तुमच्यासमोर दाखवला नाही, कारण तुम्ही परत याल की नाही याची तिला खात्री नव्हती. हा माझा अंदाज. आज सकाळी दप्तर भरताना मला म्हणाली, "बाबाला पत्र लिहिणार आहेस का?"

"लिहिणार आहे. तुझं काही लिहू?"

तिनं विचार केला. "लिही, मी अजून रागावलेली आहे."

"कुणावर?"

"दोघांवर."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच." जिन्यात उतरून गेली आणि परत वर आली, धापा टाकत. "राग पत्रात जात नाही म्हणावं. इथे यावं लागतं."

तिचा निरोप पोचवला. रविवारी या. जीपला आता काही झालेलं नाही, दुरुस्त करायला घरात काहीच नाही, तेव्हा तसेच या. ती तुमच्याशी भांडणार आहे. तयारीनं या आणि मध्येच पळू नका. मीही समोर असेन, माझ्या वाट्याचं घेत.

तिच्या आईनं नमस्कार सांगितलाय, नाव घालून.

तुमच्याबरोबर खारूच्या रागाचा अर्धा धनी,
काका